गल्ली बंद होती ते अकरा दिवस

मित्रांनो, मी रस्त्याच्या कामावरचा एक जुना लोखंडी फलक आहे. 'रस्ता बंद' एवढे दोनच शब्द माझ्या अंगावर आहेत. रंगाऱ्याने 'रस्ता' ऐसपैस लिहिला आणि जागा संपत आली, म्हणून 'बंद' बिचारा कडेला अंग चोरून बसला आहे. ज्या वेल्डरने मला जोडले त्याने मला उभे करून दोन्ही हातांनी गदागदा हलवले, हा काही पडायचा नाही असे म्हटले आणि तो पुढच्या कामाला लागला. तीच माझी पहिली शाबासकी.

पुढे शाबासकी क्वचितच वाट्याला आली. माझे तोंड पाहून कोणालाही आनंद होत नाही. गाड्या समोर येऊन थांबतात, कपाळाला आठ्या पडतात. मला त्याचे वाईट वाटायचे. पण रस्ता बंद करणे हेसुद्धा मन लावून करायचे काम आहे, हे मला मुकादमबाईंकडे पाहून कळले.

मुकादमबाई आमच्या टोळीच्या प्रमुख. ठेंगण्या, बोलणे मोजके. एका वस्तीतल्या अरुंद गल्लीत सांडपाण्याचा जुना पाइप बदलायचा होता. तीस घरे, अकरा दिवसांचे काम. दोन दिवस आधीच बाई वही घेऊन दारोदार फिरल्या. कोण कामावर कधी निघते, कोणाकडे तान्हे बाळ आहे, कोणाला चालवत नाही, सगळे त्यांनी विचारून घेतले. शेवटच्या घरात एक निवृत्त मास्तर आणि त्यांची सून राहत होती. मास्तरांची मूत्रपिंडे निकामी झाली होती. एक दिवसाआड सकाळी दहाला त्यांना डायलिसिससाठी न्यावे लागे. गाडी दारात आली नाही तर त्यांना न्यायचे कसे, असे सुनेने विचारले.

बाईंनी त्याच संध्याकाळी बेत बदलला. गल्लीची अर्धीच रुंदी खणायची, उरलेली मोकळी ठेवायची आणि तिथून फक्त मास्तरांची गाडी सोडायची. टोळी कुरकुरली. माती टाकायला जागाच उरणार नव्हती, प्रत्येक घमेले गल्लीबाहेर वाहून न्यावे लागणार होते. बाई म्हणाल्या, "रस्ता बंद करायचाय आपल्याला, मास्तरांचा दवाखाना नाही."

शेजाऱ्यांच्या तक्रारी सोडल्या तर पाच दिवस काम सुरळीत चालले. सहाव्या दिवशी सकाळी गल्लीतलेच एक गृहस्थ गाडी घेऊन परत आले. त्यांच्या कडक कपड्यांमुळे टोळीने त्यांना 'इस्त्रीसाहेब' असे नाव ठेवले होते. कामाचे कागद घरी विसरले होते आणि गाडी लांब लावून चालत येण्याचा त्यांना कंटाळा आला. ते उतरले, मला फरफटत बाजूला केले आणि गाडी आत घातली. मी काय करणार? मला पाय आहेत, पण ते उभे राहण्यापुरतेच.

अर्ध्या वाटेवर खड्ड्याची कड ढासळली आणि पुढचे चाक आत घसरले. खाली पाइप जोडणारा कारागीर मागे सरकला म्हणून वाचला. गाडी मोकळ्या वाटेवर आडवी अडकली. तेवढ्यात मास्तरांना न्यायला आलेली गाडी माझ्याशेजारी येऊन थांबली.

बाई आधी धावल्या त्या खड्ड्याकडे. कारागिराला कुठे लागले नाही ना हे हात फिरवून पाहिले, त्याला वर घेतले. चाकाखाली फळ्या सरकवायला सांगून त्यांनी स्वतः खांदा लावला. पाच दिवस तक्रारी करणारे शेजारीही बाहेर आले, कोणी दाढीचा फेस तसाच ठेवून, कोणी कणकेच्या हातांनी. तीनदा जोर फुकट गेला. चौथ्यांदा चाक वर आले आणि गाडी मागे घेऊन वाट मोकळी झाली. दहा वाजून पाच मिनिटांनी मास्तर निघाले, तेव्हा काचेतून ते बराच वेळ बाईंकडे पाहत होते.

चिखलाने माखलेले साहेब खाली मान घालून माफी मागायला आले. बाई म्हणाल्या, "माझी नको, त्या कारागिराची मागा. आणि उद्या सकाळी तासभर या फलकापाशी उभे राहा."

मला वाटले, ते कसले येतात! पण ते आले. जुना सदरा घालून माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. प्रत्येक गाडीवाल्याला ते पलीकडची वाट समजावून सांगत, आणि आत माणसे खड्ड्यात उतरली आहेत हेही सांगत. आश्चर्य म्हणजे लोक ऐकत आणि मुकाट्याने गाडी वळवत. काम संपेपर्यंत ते रोज आले. कोणी सांगितले नव्हते तरीही.

अकराव्या दिवशी खड्डा बुजला आणि रस्ता सपाट झाला. मला गाडीत चढवण्याआधी बाईंनी ओल्या फडक्याने माझ्यावरचा चिखल पुसला. इतक्या वर्षांत तसे कोणी केले नव्हते.

आता माझा एक पाय वाकला आहे. मी गोदामात भिंतीला टेकून असतो. पण माझे भाऊबंद तुम्हाला रोज कुठे ना कुठे भेटतील. मित्रांनो, घाई प्रत्येकालाच असते. तरी आम्हाला सरकवण्याआधी पलीकडे खड्ड्यात कोण उतरले आहे ते बघा. तो वर चढून येईपर्यंत आम्हाला आमच्या जागी उभे राहू द्या.