मांडी घालून घेतलेले माप

आण्णांच्या मुलीचे, माधवीचे, लग्न झाले, त्या वर्षी माझा जन्म झाला. मांडव उतरला, जावई पहिल्या सणाला येऊन गेले आणि पुढच्याच आठवड्यात उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये, एका पत्र्याच्या दुकानात, मी शिवून तयार झालो.

मी एक जुना होल्स्टर आहे. मित्रांनो, होल्स्टर म्हणजे रिव्हॉल्व्हर कमरेला बाळगण्याचा कातड्याचा खिसा. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला कधी पाहिले नसेल. त्यात तुमची काही चूक नाही, कारण न दिसणे हेच माझे काम. सदऱ्याखाली गप्प बसायचे, लोखंडाचे वजन पेलायचे आणि बाहेर कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही. हे काम मी चौदा-पंधरा वर्षे केले. पण असे काम करणाऱ्याच्या पोटात हेवा फार साठतो. आज तोच तुम्हांला सांगणार आहे.

माझे मालक आण्णा हे कुळगावचे शेतकरी. बदलापुरात इमारती उठू लागल्या तेव्हा जमिनीच्या बांधावरून त्यांचा एका शेजाऱ्याशी वाद झाला. धमक्या आल्या. एकदा अंबरनाथहून येताना दोघांनी त्यांची स्कूटर अडवली. मग आण्णांनी अर्ज केला, चौकशा झाल्या, परवाना मिळाला आणि बत्तीस बोअरचे छोटे रिव्हॉल्व्हर घरात आले. पण ते ठेवायचे कशात? आधी त्यांनी खांद्यावरून घ्यायचा पट्टा आणला. त्याने मान कापली, आणि तो झाकायला भर उन्हात कोट घालावा लागे. मग कापडी पाकीट आणले, पाठीमागे खोचायचे. स्कूटरवर खड्डा आला की ते मणक्यात घुसे. विठाबाई, म्हणजे आण्णांच्या मंडळी, हसायच्या. म्हणायच्या, "दुश्मन ऱ्हायला बाजूला, ह्येच तुम्हांला मारील."

तेव्हा कुणीतरी बुद्धभूषण कारागिराचे नाव सांगितले. बुद्धभूषण बाजारातल्या दुकानांना पट्टे पुरवत. आण्णा गेले आणि उभे राहून म्हणाले, "घ्या माप."

"आधी खाली बसा. मांडी घाला."

"मांडी कशाला? कंबर उभ्यानं मोजतात."

"आण्णा, तुम्ही जेवता कुठं?"

"घरी. जमिनीवर."

"पंचायतीत, भजनात?"

"सतरंजीवर."

"मग? दिवसातनं चार तास तुम्ही मांडी घालून असता. उभ्यानं सगळंच चांगलं बसतं. बसल्यावर कळतं ते काय आहे."

समोरचे बॅगवाले सिंधी शेठ गल्ल्यावरून ओरडले, "क्या साईं, पिस्तौल का कुर्ता सिला रहे हो क्या?" बुद्धभूषण म्हणाले, "हां सेठ, आप भी आ जाओ, पेट का माप मुफ्त में ले लूंगा." आण्णा हसत हसत खाली बसले आणि बुद्धभूषणांनी त्यांच्या उजव्या कुशीवर खडूने खूण केली.

मी जाड म्हशीच्या कातड्याचा. रिकामे रिव्हॉल्व्हर कागदावर ठेवून बुद्धभूषणांनी भोवती पेन्सिल फिरवली आणि सागाचा तुकडा तासून तसाच आकार बनवला. मला कोमट पाण्यात भिजवून त्या लाकडावर ताणले, दाबले, सावलीत वाळवले. मी खालून आखूड, म्हणजे मांडी घातली तरी खालून रेटा बसत नाही. अंगाकडची बाजू दोन बोटे उंच, म्हणजे लोखंड पोटाला लागत नाही आणि घाम लोखंडाला लागत नाही. तोंड ताठ. वरून एक पट्टी आणि तिला टिचबटण. ते टच् करून लागले की आण्णा पालथे झाले तरी रिव्हॉल्व्हर बाहेर पडणार नाही. पट्टाही रुंद आणि कडक दिला, वजन एका जागी ओढू नये म्हणून. निघताना बुद्धभूषण म्हणाले, "वर्षातनं एकदा दाखवायला आणा. तेल देतो, शिवण बघतो. कंबर वाढली तर भोक पाडून देतो. लाजू नका."

पहिली वर्षे सुखाची गेली. आण्णा सकाळी मला बांधत आणि संध्याकाळी आल्या आल्या सोडत. गोळ्या काढत, सगळे कपाटात कुलूपबंद करत. मी बाजूला आहे हे त्यांना सतत जाणवे, टोचत मात्र नसे.

तरी मी सुखी नव्हतो. कारण खंडेनवमी येई. त्या दिवशी घरात हत्यारांची पूजा. कोयता, विळा, पहार आणि त्यांच्या मधोमध ते रिव्हॉल्व्हर. त्याला हळदकुंकू, त्याला झेंडूचे फूल, त्याला पेढा. आणि मी? विठाबाई म्हणत, "कातडं देवाम्होरं नको." मग मला ओटीवर चपलांच्या शेजारी ठेवत. वर्षभर ज्याला मी पोटात घेऊन फिरलो, त्याला आत ओवाळत आणि मी बाहेर चपलांबरोबर. माझा जीव जळे. एकदा जावई म्हणाले, "आण्णा, एकदा हातात तरी द्या." आण्णांनी गोळ्या काढून ते त्यांना दाखवले. "काय चीज आहे!" जावई म्हणाले. मी आण्णांच्या दुसऱ्या हातात लोंबत होतो. माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिले नाही.

निवडणुका आल्या की सगळ्यांची परवान्याची हत्यारे पोलीस ठाण्यात जमा होत. ते दीड-दोन महिने मी रिकामा असे. पण खरे सांगू? तेच मला आवडत. तेव्हा घरात मी एकटाच असे.

वर्षे गेली. आण्णांना साखरेचा त्रास सुरू झाला, पोट सुटले. पट्ट्याचे शेवटचे भोकही पुरेना. बुद्धभूषणांकडे जायचे त्यांनी कधीच सोडले होते. कंबर वाढली हे सांगायची त्यांना लाज वाटे. तेल न मिळाल्याने माझी कड वाळून कठीण झाली आणि आण्णांच्या कुशीवर तांबडा वळ उमटू लागला. विठाबाई रोज त्यावर खोबरेल लावत आणि मला शिव्या देत. "मेलं कातडं! माणसाची साल काढतंय." मी काय बोलणार? दोष माझ्या एकट्याचा नव्हता.

मग आण्णांचा मुलगा विनीत, जो माझ्या जन्माच्या वेळी बारावीत होता आणि आता एका कंपनीत साहेब झाला होता, एक दिवस म्हणाला, "बाबा, हे काय बैलाचं सामान बांधून फिरता? ऑनलाइन एक नंबर मिळतात. सॉफ्ट लेदर, क्लिपवालं. पट्टा सोडायचीपण गरज नाही."

"आणि बसंल ना नीट?"

"चारशे रिव्ह्यू आहेत बाबा. सगळे बोलतात, कम्फर्टेबल आहे."

खोक्यातून तो नवा होल्स्टर आला. मधाच्या रंगाचा, हरणाच्या कानासारखा मऊ, अंगावर उठावाची अक्षरे. आण्णांनी तो कमरेला अडकवला, कपाटाच्या आरशापुढे उभे राहिले आणि खोलीत तीन फेऱ्या मारल्या. "अगं विठा," ते खुशीत म्हणाले, "काही लावलंय असं वाटतच नाय!"

ते वाक्य मला आरीसारखे टोचले. पंधरा वर्षांत माझ्याबद्दल ते असे एकदाही बोलले नव्हते. मला दारामागच्या खिळ्यावर टांगले गेले.

त्या खिळ्यावरून मी रोज सकाळ-संध्याकाळ त्याला पाही. पाहता पाहता मला त्याची खोड कळली. त्याला टिचबटण नव्हते. तोंड मऊ होते, रिकामे झाले की ओठांसारखे मिटे आणि दाबले की फाकत असे. आणि तो लांब होता, थेट मांडीपर्यंत. आण्णांनी तो उभ्यानेच पाहिला होता. बसून एकदाही नाही. हे मला दिसले, घरात कुणालाच दिसले नाही. मित्रांनो, मला तोंड असते तर मी ते सांगितले असते का? नसते सांगितले. मी वाट पाहत होतो. याची एकदा फजिती होऊ दे, मग आण्णा मला परत घेतील, एवढेच माझ्या मनात होते.

आणि ती वेळ आली. रविवारची दुपार होती. आण्णा अंबरनाथहून काम आटोपून उशिरा आले. पाने वाढलेली होती. मी असतो तर बाजूचे वजन त्यांना आठवले असते, आधी मला सोडले असते. पण काही लावल्यासारखे वाटतच नव्हते, म्हणून ते तसेच हातपाय धुऊन सतरंजीवर मांडी घालून बसले. मांडीने खालून रेटा दिला. मऊ तोंड फाकले. रिव्हॉल्व्हर सरकत सरकत वर आले आणि त्यांच्या पाठीमागे सतरंजीच्या घडीवर पडले. आवाजही झाला नाही.

मी पाहिले. आणि माझ्या सगळ्या शिवणींतून आनंद वाहिला. पडले! आता कळेल!

पण आण्णांना कळले नाही. ते जेवले, हात धुतला आणि आतल्या खोलीत आडवे झाले. विनीत आणि सूनबाई मीनल फोनवर कुणाशी तरी बोलत गॅलरीत गेले. पाने उचलायला आली राजसी, विनीतची सहा वर्षांची मुलगी. आजीला मदत करायची तिला भारी हौस. ताट उचलताना तिला सतरंजीच्या घडीत काळे चकचकीत काहीतरी दिसले. तिने ते दोन्ही हातांनी उचलले. त्यात सहा गोळ्या होत्या.

माझा आनंद जागच्या जागी मेला. तिने नळीत डोकावून पाहिले. मग चापावर बोट ठेवायला ती जागा शोधू लागली. मी खिळ्यावर होतो. मला हात नाहीत, आवाज नाही. त्या क्षणी मी देवाला म्हणालो, मला चपलांत ठेव, उकिरड्यावर टाक, पण ह्या पोरीला सोडव.

विठाबाई ताकाची वाटी घेऊन स्वयंपाकघरातून आल्या आणि दारातच थांबल्या. त्यांनी पाहिले. वाटी हातातच होती. त्या ओरडल्या नाहीत. रोजच्या रागाच्या आवाजात म्हणाल्या, "राजसी! खरकट्या हातानं काय उचललंस? तेपन खरकटं झालं ना! ठेव खाली, ताटाजवळ. हळू. आन् जा, हात धू."

त्या घरात खरकट्याचा नियम फार कडक. खरकट्या हाताने पाण्याच्या हंड्याला शिवले तरी राजसीला बोलणी बसत. तिने ओशाळून रिव्हॉल्व्हर ताटाच्या कडेला ठेवले. "सॉरी आजी," म्हणाली आणि मोरीकडे पळाली. विठाबाईंनी त्यावर भाताचे रिकामे पातेले पालथे घातले, पातेल्यावर दोन्ही हात ठेवले आणि तिथेच बसल्या. आता कुठे त्यांनी हाक मारली, "अवो! या हिकडं."

आण्णा आले. त्यांनी कमरेला हात लावला. पातेल्याकडे पाहिले. कुणी काही सांगायची गरज पडली नाही. विनीत धावत आला आणि पुटपुटला, "पण रिव्ह्यू तर चांगले होते..." विठाबाईंनी त्याच्याकडे पाहिलेही नाही. आण्णांना त्या एवढेच म्हणाल्या, "ह्या घरात आता ती पोर ऱ्हाईल नायतर ह्ये ऱ्हाईल. तुम्ही ठरवा."

दुसऱ्या दिवशी आण्णांनी आम्हां दोघांना एका पिशवीत घातले आणि कॅम्प दोन गाठले. पिशवीत त्याचा मऊ गाल माझ्या वाळक्या कडेला घासत होता. एवढे होऊनही मी मनात म्हणत होतो, आता मला तेल मिळेल, भोक पडेल, मी परत कमरेला जाईन. हेवा असा चिवट असतो, मित्रांनो.

बुद्धभूषणांच्या डोळ्यांना आता जाड चष्मा होता. त्यांनी आधी त्यालाच हातात घेतले. "कातडं एक नंबर आहे हो याचं," ते म्हणाले. ऐकून मी आतून पेटलो. "फक्त उभ्या माणसाचं आहे. खुर्चीवर बसणाऱ्याचं. तुमचं नाही. बसून बघितलंत का?"

"नाय बघितलं," आण्णा म्हणाले.

मग त्यांनी मला घेतले. शिवणीवरून अंगठा फिरवला. "आणि हा माझाच. पण काय दशा केलीत याची! बारा वर्षं तेल नाही. हा टोचणार नाही तर काय करील? बोला, कुठला नीट करू? त्याला बटण लावून देतो, नायतर याला रुंद करतो. दोन्ही होईल."

आण्णा त्या दिवशी न सांगताच खाली बसले होते, मांडी घालून.

"कुठलाच नको, बुद्धभूषणभाऊ."

"म्हणजे?"

"जमा करून येतो आज. परवाना रद्द करा म्हणून अर्जच देतो. जो धमक्या देत व्हता ना, त्यानं गेल्या महिन्यात पोराच्या लग्नाची पत्रिका आणून दिली. वर आग्रह करून गेला, जेवायला या म्हणून. कुणासाठी बांधून फिरतोय मी?"

बुद्धभूषण हसले नाहीत. त्यांनी मला तेल मात्र दिले, आतून-बाहेरून, आणि म्हणाले, "माझं काम आहे ते. घेऊन जा."

त्याच दुपारी पोलीस ठाण्यात रिव्हॉल्व्हर जमा झाले. हवालदारांनी त्याचा नंबर लिहिला, गोळ्या मोजल्या, पावती दिली. होल्स्टर आहे का, हे कुणी विचारले नाही. मऊ होल्स्टर विनीतने परत पाठवला. मी तेवढा घरी राहिलो, रिकामा आणि मऊ. आता कुणाशी बरोबरी करायची नव्हती, आणि कुणी मला बांधतही नव्हते.

मित्रांनो, माझे तुमच्यापाशी एवढेच मागणे आहे. असली वस्तू कधी कुठे पडलेली दिसली तर हात लावू नका, मोठ्यांना हाक मारा. जी वस्तू रोज अंगावर वागवायची, ती आरशात पाहून घेऊ नका. तुम्ही जसे बसता-उठता तसे बसून-उठून पाहा. कातड्याला वेळेवर तेल द्या, आणि ज्याने ते शिवले त्याच्याकडे जायची लाज धरू नका. आणि दुसऱ्याची चूक तुमच्या डोळ्यांना दिसली तर त्याच्या फजितीची वाट पाहू नका. मी पाहिली. त्या दुपारी राजसीचे बोट जागा शोधत होते, ते मी अजून विसरलेलो नाही.

पुढे आण्णांचा साखरेचा त्रास वाढत गेला. त्या शेवटच्या आजारात त्यांच्या कमरेला फक्त एक काळा करदोडा होता. मला त्याचाही हेवा वाटला. यंदा गुढीपाडव्यानंतर पाचव्या दिवशी, सकाळी आठ वाजता, आण्णा कुळगावच्या घरी वारले.