शिंगातून निघालेली जाळी

ये, बस इथं. तिकडं अमिरातीत, खोर फक्कान बंदरातल्या शिंगवाल्या बाबाची गंमत सांगतो. हसून पोट दुखलं तर मला बोलू नकोस.

जुम्म्याची नमाज झाली की बिल्डिंगच्या हॉलमध्ये ही गर्दी! बाबा दुखेल तिथं बैलाचं शिंग टेकवायचा, टोकाकडून चोखायचा, आणि बशीत टक्! कुणाचा मुतखडा, कुणाच्या मणक्यातलं हाड. लोक म्हणायचे, "सुभानल्ला!"

त्याच बिल्डिंगमधल्या हाफिजाचा नवरा इद्रीस रांगेत पहिला. पोर्टवर कामात पडला होता, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झालेली. डोक्यालाही मार, म्हणून रक्त पातळ करायचं औषध देता येईना. मग हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाईंनी पोटातल्या मोठ्या शिरेत तारेची जाळी बसवली. गुठळी सुटलीच तर तिथं अडकावी, फुप्फुसात जाऊ नये.

"डोकं बरं झालं, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू झाल्या, आता जाळीचं काम खलास," बाई म्हणाल्या. "सोमवारी काढू. उगाच राहिली तर शिरेत रुतेल, तुटेल, तिथंच नवी गुठळी धरेल."

मानेतून नळी घालणार ऐकलं, अन् गडी बाबाकडे पळाला.

"बिना चीर, बिना दर्द, बिना अपॉइंटमेंट!" बाबानं पोटाला शिंग लावलं. टक्! तारेचा गुंता.

"निघाली! हाफिजा, सोमवार कॅन्सल!"

लेक अरफा म्हणाली, "डॅड, दॅट्स अ डिश स्क्रबर."

"चूप!"

हाफिजानं बशीतली तार उचलून पाहिली. सोमवार चुकला तर? ती चेहरा पाडून पुढं झाली. "बाबाजी, मलापण जाळी आहे हो. इथं, कोपरात."

"दिसती है ना! जंग लगा है." बाबानं शिंगाला अत्तर लावायला झोळीत हात घातला. मग टक्! पुन्हा तार.

"अगंबाई! मला तर कधी जाळी बसवलीच नाही!"

हाफिजानं झोळी उलटी केली. घासणीचे तुकडे, खडे, कोंबडीची हाडं, मेणाचा गोळा. अत्तराच्या निमित्तानं मेणानं माल शिंगात चिकटवायचा, आणि चोखायचं सोंग करत टोकातली काडी जिभेनं रेटायची, की माल सुटून बशीत. झाला चमत्कार!

"बहनजी, वो तो..."

"यल्ला, निघ!"

"पण पोट हलकं वाटतंय गं," इद्रीस पुटपुटला.

"सकाळपासून उपाशी आहात म्हणून!"

सोमवारी स्क्रीनवर जाळी दिसली, होती तिथंच. बाईंनी नळीतून बारीक आकडा घालून ती अलगद ओढून घेतली. इद्रीस संध्याकाळी घरी, मानेवर एवढीशी पट्टी.

राजा, जाळी म्हणजे तावीज नव्हे. गरज असेल तोवर जीव वाचवते, मग तिला काढावं लागतं, आणि तेही शिकलेल्या हातांनी. तुझ्या माणसाला बसवली असेल, तर एवढं कर. आत्ता फोन लाव आणि डॉक्टरांना विचार, "आमची कधी काढायची?"