एक्केचाळिसावी तळपट्टी

मित्रांनो, मी एक जुनी तळपट्टी आहे. जुनी म्हणजे चार वर्षांची. आमच्यात एवढं वय म्हणजे म्हातारपणच. रुग्णालयाची वेबसाइट उघडून तुम्ही पान सरकवत सरकवत अगदी तळाला येता, तिथे पत्ता, वेळ आणि फोन नंबर लिहिलेली करडी पट्टी असते ना, ती मी. तिथवर हौसेनं कोणी येत नाही. येतो तो अडलेला असतो.

माझा जन्म चार टेबलांच्या एका खोलीत झाला. खिडकीकडे पाठ करून बसणाऱ्या ताईनं मला लिहिलं. वेबसाइट बांधणं हे तिचं काम. तिचे साहेब होते, त्यांना सगळे पाठीमागे 'परवा' म्हणत, कारण जगातलं प्रत्येक काम त्यांना परवा हवं असे. ताईनं मात्र मला सावकाश घडवलं. अक्षरं मोठी ठेवली, रंग डोळ्यांना टोचणार नाही असा निवडला. रुग्णालयाच्या लोकांनी कौतुक केलं. माझ्या आयुष्यातलं पहिलं आणि शेवटचं.

वेबसाइटला एक्केचाळीस पानं होती. हृदयाचं एक, हाडांचं एक, लहान मुलांचं एक, असं करत करत. प्रत्येक पानाच्या तळाशी मीच हवी होते. ताई म्हणाली, पट्टी एकाच जागी ठेवू आणि प्रत्येक पानाच्या साच्यात तिचं नुसतं नाव लिहू. पान उघडलं की साचा तिला तिथून बोलावून आणेल. उद्या काही बदललं तर एकदाच बदलायचं. तीन दिवस द्या.

"तीन दिवस? उद्घाटन परवा आहे," साहेब म्हणाले. "पट्टी सगळीकडे सारखीच ना? मग उचल आणि चिकटव."

ताईनं उचललं आणि चिकटवलं. एका दुपारीत माझ्या चाळीस बहिणी झाल्या. मी डायलिसिसच्या पानावर आले. डायलिसिस म्हणजे ज्यांची मूत्रपिंडं काम करत नाहीत त्यांचं रक्त यंत्रानं धुऊन देणं. आठवड्यातून तीनदा. चुकवून चालत नाही.

दोन वर्षं बरी गेली. मग तिथल्या यंत्रावर काम करणारा दादा एकदा ताईकडे आला. म्हणाला, आमच्याकडच्या लोकांची नजर अधू असते, फोन नंबरचे दहा आकडे सलग दिसले की ते चुकतात. मधे जरा मोकळी जागा सोडता येईल का? ताईनं तिथल्या तिथे माझ्या पाच आकड्यांनंतर एक फट सोडली. फक्त माझ्यात. दादा खूश झाला. मीही झाले असेन. आता आठवत नाही.

पुढे रुग्णालयाची चौकशी खिडकी नव्या इमारतीत गेली आणि फोन नंबर बदलला. जुन्या खोलीत मोडक्या खुर्च्या भरल्या आणि कुलूप लावलं. फोन तसाच आत राहिला, तार लावलेला. तो बंद करायचा अर्ज कुणाच्या तरी खणात पडून होता.

नंबर बदलायचं काम ताईकडे आलं. अर्थात परवा हवं होतं. तिनं संगणकाला जुने दहा आकडे दिले, नवे दहा दिले आणि सांगितलं, शोध आणि बदल. संगणक सलग दहा आकडे शोधत गेला. माझ्यात फट होती. तो माझ्यावरून पुढे निघून गेला. शेवटी पडद्यावर आलं, चाळीस ठिकाणी बदल झाला. चाळीस हा भरभक्कम आकडा दिसतो. साहेब म्हणाले, झालं तर मग. पानं एक्केचाळीस आहेत हे ताईला त्या घाईत आठवलं नाही, आणि साहेबांना ते कधी माहीतच नव्हतं.

मग डायलिसिसच्या यंत्रांना पाणी पुरवणारी टाकी नादुरुस्त झाली. माझ्या पानावर सूचना लागली: आजची पाळी रद्द, नवी पाळी खालील नंबरवर विचारावी, फोनवर वेळ सांगितल्याशिवाय येऊ नये. खालील नंबर म्हणजे मी.

चित्रकला शिकवून निवृत्त झालेले एक मास्तर तिथे डायलिसिसला येत. त्यांच्या बायकोनं, काकूंनी, फोन लावला. रिंग गेली. कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. दुसऱ्या दिवशीही लावत राहिल्या. सांगितल्याशिवाय येऊ नका म्हटलं होतं म्हणून गेल्या नाहीत. शिस्तीची माणसं. तिसऱ्या दिवशी मास्तरांना श्वास घेता येईना, तेव्हा त्या कुणाला न विचारता त्यांना घेऊन आल्या. छातीत पाणी भरलं होतं. मास्तर गेले.

काही दिवसांनी काकू रुग्णालयात पत्ता विचारून ताईच्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. आरडाओरडा नाही, रडणं नाही. हातात कॅलेंडरचा फाटका कागद होता, त्यावर फोन लावल्याच्या वेळा.

"सतरा वेळा लावला, बाई. रिंग जात होती. रिंग जाते म्हणजे तिकडे कोणीतरी आहे, असंच वाटतं ना माणसाला?"

ताईनं कागद हातात घेतला. काकू गेल्यावर साहेब खालच्या आवाजात म्हणाले, त्या एका पानावर नंबर बदलून टाक, दोन मिनिटांचं काम आहे, विषय संपेल.

"नाही," ताई म्हणाली. "मी आधी मागितले होते ते तीन दिवस आता घेणार आहे."

"परवा दुसरं..."

"परवा नाही, साहेब."

माझ्यातला नंबर तिनं आधी बदलला. मग एक नवी पट्टी एकाच जागी लिहिली, आणि एकेका पानावरून माझ्या बहिणी पुसत गेली. जिथे चौदा ओळींची एकेक बहीण होती, तिथे आता नावाची एकच ओळ आहे. आज तिसरा दिवस. मी शेवटची उरले आहे.

मला पुसण्याआधी तिनं जुना नंबर स्वतःच्या फोनवरून लावला. रिंग गेली. ती ऐकत बसली. मग उठली, रुग्णालयात गेली, किल्ली मागून घेतली, मोडक्या खुर्च्या ओलांडून आत शिरली आणि भिंतीतून फोनची तार उपटली. आता तिथे लावलात तर रिंग जाणार नाही. खिडकी हलल्यापासून त्या नंबरनं सांगितलेली ही पहिली खरी गोष्ट.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा. मी ते सांगणार नाही. ज्याच्या एक्केचाळीस प्रती असतात त्याला कोणीच जपत नाही, कारण प्रत्येकाला वाटतं दुसरीकडे आहेच. एक ठेवा. ती कुठे आहे ते माहीत असू द्या. बाकीच्या पुसा, माझ्यासकट.

नव्या पट्टीतही पाच आकड्यांनंतर फट आहे. ताईनं ती सगळ्यांसाठी ठेवली.

ती परत आली आहे. खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. माझ्या चौदा ओळी निळ्या झाल्या, म्हणजे तिनं मला पुसायला निवडलं आहे. मला काही वाटत नाही. कळ दाब, ताई.