गुडघे टेकायचे नाहीत

२०१६ साल होतं ते. आदल्या उन्हाळ्यात माझे यजमान, शंकरराव, गेले आणि शिकागोच्या उपनगरातल्या त्या घरात दिवसभर मी एकटी उरले. मुलगा अतुल आणि सून सुजाता सकाळीच कामावर जायचे, नात अनिका शाळेत. बर्फ पडला की रस्त्यावर माणूस दिसत नसे. पोस्टमनच्या गाडीचा आवाज आला तरी मी उठून खिडकीशी जात असे.

म्हणून मी अनिकाबरोबर रिंकवर, तिच्या बर्फावरच्या हॉकीच्या मैदानावर, जाऊ लागले. अतुल आम्हाला सोडायचा आणि स्वतः वरच्या हॉलमध्ये लॅपटॉप उघडून मीटिंगमध्ये बसायचा. मी खाली लोखंडी बाकावर, साडीवर जाड कोट आणि डोक्याला शंकररावांची, म्हणजे अनिकाच्या आबांची, माकडटोपी. बाकीच्या मुलींच्या आया कॉफीचे पेले घेऊन घोळक्यात बसत. माझ्याकडे बघून छान हसत आणि पुन्हा आपापसात बोलू लागत. तिथं माझं असं कुणी नव्हतं. फक्त मधूनच अनिका जाळीचं शिरस्त्राण वर करून मी बसले आहे ना, एवढं बघून घेई. तेवढ्यासाठी मी जात असे.

चौदा वर्षांची अनिका गोलकीपर होती. आइस हॉकी मला कुठून ठाऊक असणार? पण नागपूरला मी जन्मभर गणित शिकवलं होतं, त्यामुळे अर्धा खेळ आपोआप समजला. समोरून चेंडू मारणारा आला (तो चेंडू नसतो, रबराची काळी चकती असते, तिला पक म्हणतात) की गोलकीपरनं मागे खिळून राहायचं नाही, दोन पावलं पुढे सरकायचं. म्हणजे मारणाऱ्याला तिच्यामागचं गोलाचं तोंड लहान दिसतं. सरळसरळ कोनाचा हिशेब. उरलेला अर्धा खेळ गुडघ्यांचा. पक बर्फावरून घसरत आली की गोलकीपरनं झटकन दोन्ही गुडघ्यांवर बसायचं आणि पोटऱ्या दोन्हीकडे फाकवायच्या. पायांवरच्या जाड गाद्यांची बर्फालगत भिंत होते. त्याला बटरफ्लाय म्हणतात. फुलपाखरासारखं दिसतंही ते.

त्या वर्षी मार्चमध्ये मिनेसोटातल्या एका शाळेची माणसं मुली निवडायला येणार होती. निवड झाली तर तिथंच वसतिगृहात राहायचं, तिथल्या संघातून खेळायचं. अनिकाला दुसरं काही सुचत नव्हतं. आणि ती गेली तर घरात माझ्याशी बोलणारं कोण, हे मी कुणाजवळ बोलले नव्हते.

पण अनिकाच्या दोन पायांमधून गोल होऊ लागले. वरून आलेली पक ती हवेत झेलायची, आणि खालून आलेली मात्र पायांच्या फटीतून निघून जायची. तिच्या कोच डोरीनबाई एकदा अतुलला म्हणाल्या, "ही खाली बसायला उशीर करते. दर वेळी. कुणीतरी मागून कॉलर धरून ठेवल्यासारखी."

त्या दिवशी सराव संपल्यावर अनिका लॉबीत पट्टे सोडत बसली होती. मी तिच्याजवळ गेले.

"काहून गं? हात तर विजेसारखे चालतात तुझे. खाली बसायलाच काय होतं?"

"आजी, प्लीज. नॉट नाऊ."

"बरं. मग केव्हा? सिलेक्शन झाल्यावर?"

ती हसली. मग हातातला पट्टा सोडून म्हणाली, "आबांना प्रॉमिस केलं होतं मी."

"कसलं?"

"हॉस्पिटलमध्ये. ते म्हणाले, अनिका, कुणापुढे गुडघे टेकायचे नाहीत. मी ओके म्हटलं. अँड दे वेअर हिज लास्ट वर्ड्स टू मी, आजी. आता प्रत्येक शॉटला तेच आठवतं."

मी तिच्या शेजारी बसले. ते वाक्य आमच्या घरात पिढीजात होतं. शंकररावांच्या वडिलांना गावच्या मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, दारात, पायरीखाली, हात जोडून बसावं लागे. त्यांनी ते वाक्य मुलाला सांगितलं, शंकररावांनी अतुलला सांगितलं, आणि जाता जाता नातीला. आमच्यापैकी कुणी त्या वाक्यातले गुडघे कधी मोजले नव्हते. तो वाक्प्रचार होता. पण इथं जन्मलेली पोर मराठी शब्दाला शब्द लावून शिकलेली. तिनं ऐकले ते खरेखुरे दोन गुडघे.

गप्प राहिले असते तर मार्चमध्ये तिची निवड झाली नसती आणि ती घरी राहिली असती, हे मला कोनाच्या हिशेबाइतकं स्वच्छ दिसत होतं. समोर कुणीतरी मशीनमधून चॉकलेट काढत होतं. मी ते पडेपर्यंत बघत राहिले.

मग विचारलं, "रविवारी उपासनाताईंच्या घरी, बेसमेंटमध्ये, आपली मंडळी जमायची, तिथं आबा काय करायचे?"

"वंदना."

"कशी? करून दाखव."

"इथं? आजी, लोक बघतायत!"

"मग मी दाखवते." आणि मी त्या रबरी चटईवर गुडघे टेकले, तळहात टेकले, कपाळ टेकलं. पंचांग प्रणाम. "एक बुद्धाला, एक धम्माला, एक संघाला. नागपूरची थंडी असो की इथला बर्फ, आबांनी कधी चुकवला नाही. ते काय हरले होते? दुसऱ्यानं टेकायला लावले तर ती हार. आपण होऊन टेकले तर गुडघे आपलेच राहतात."

तिनं पायातली गादी काढून बाजूला ठेवली.

"आता उठव मला. माझे टेकले ते टेकलेच."

तिला हसू फुटलं. दोन आया कॉफी ठेवून धावत आल्या, आजींना काय झालं विचारत. अनिका मला काखेत धरून उचलत म्हणाली, "शी इज फाइन. शी इज माय गोलकीपिंग कोच."

मार्चमध्ये मी त्याच बाकावर होते. पहिलाच फटका खालून आला आणि पक पोचण्याआधी अनिका खाली होती. गाद्यांवर थप्प असा आवाज झाला. मग पुन्हा. वरच्या हॉलमधून अतुल मीटिंग सोडून खाली आला आणि माझ्याजवळ उभा राहिला. "आई, आज हिला झालंय काय?" मी म्हटलं, "बघ ना गुपचूप." ऑगस्टमध्ये आम्ही तिला मिनेसोटाला सोडून आलो. परतताना मागच्या सीटवर मी एकटी होते.

डोरीनबाई पुढं निवृत्त होऊन विस्कॉन्सिनला बहिणीकडे राहायला गेल्या. नाताळला कार्ड पाठवतात. उपासनाताई नागपूरला परतल्या, त्यांचं बेसमेंटचं घर विकलं गेलं. अतुलला सांता क्लाराला नोकरी मिळाली, सुजाताला तिथल्याच एका दवाखान्यात, आणि मीही त्यांच्याबरोबर आले. अनिका कॉलेजात चार वर्षं खेळली. पुढं खेळावर पोट भरण्याइतकी संधी मिळाली नाही. ती मिनेसोटातच, डुलुथला, फिजिओथेरपी शिकते आहे, आणि शनिवारी लहान मुलींना गोलकीपिंग शिकवते.

मी बरी आहे. इथं बर्फ पडत नाही, त्यामुळे रोज दुपारी कोपऱ्यापर्यंत चालून येते. रविवारी अनिकाचा फोन येतो. बोलता बोलता तिला दुसरा कॉल येतो, मी "घे, घे" म्हणते, आणि मग फोन मांडीवर ठेवून थोडा वेळ बसते.