उपासाच्या दिवशी गुरगुरणारी पेटी

मी पॉवर सप्लाय बोलतोय. "कोण?" असं मनात आलं ना तुमच्या? मला त्याची सवय आहे. कॉम्प्युटर बघायला येणारा प्रत्येक माणूस आधी पडदा बघतो, मग बटणं दाबून बघतो आणि "अजब आहे हो!" म्हणत निघून जातो. कॉम्प्युटरच्या पाठीमागच्या बाजूला, पत्र्याच्या डब्यात, एका लहानशा पंख्याचा वारा घेत मी राबत असतो. भिंतीतली वीज घ्यायची, तिचे बारीक बारीक तुकडे करायचे आणि यंत्राच्या नाजूक पोटाला सोसेल तेवढीच वाढायची, हे माझं काम. थोडक्यात, मी आचारी. पंगत उठली की लोक यजमानाचे आभार मानतात आणि भात कच्चा राहिला की मला शोधत येतात.

माझा जन्म तैवानात झाला, विक्री दुबईत आणि सगळे हाल रत्नागिरीत. इद्रीस दुबईच्या एका दुकानात पाच-सात वर्षं कामाला होता. सत्याऐंशी साली ती नोकरी सोडून तो मला आणि माझ्या यंत्राला घेऊन घरी आला. बाकीचे लोक आखातातून सोनं आणि घोंगड्या आणतात, हा कॉम्प्युटर घेऊन आला. त्याची बायको साबेरा हिने आमच्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी अजून विसरलो नाही.

भाट्याच्या खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर गंगुबाईंचं घर आहे. त्याच्या मागच्या दोन खोल्या इद्रीसने भाड्याने घेतल्या. एका खोलीत संसार आणि दुसऱ्या खोलीत कॉम्प्युटर क्लास. दारावर पाटी, दाराबाहेर चपला आणि आत एका यंत्राभोवती आठ विद्यार्थी. ज्याची पाळी असेल तो टंकायचा, बाकीचे सात श्वास रोखून बघायचे. गंगुबाईंनी पहिल्या दिवशी आम्हाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. नारळाचं पाणी पंख्यातून माझ्या अंगावर उडालं, पण शुभकार्यात मी कुरकुर केली नाही.

आता माझ्या एका खोडीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं. वीज चिरताना आवाज होतो. तो तुम्हाला ऐकू येत नाही, रेडिओला येतो. तो घरभर पसरू नये म्हणून माझ्या दाराशी एक चाळणी बसवलेली असते. तिच्यात अडकलेला गाळ एका हिरव्या वायरीतून जमिनीत उतरतो. जमिनीने तो पोटात घेतला की कुणाला काही कळत नाही. मात्र त्यासाठी जमीन ओली लागते.

ही वायर जमिनीत नेण्याचं, म्हणजे अर्थिंगचं, काम दादू वायरमनने केलं होतं. मागच्या अंगणात सगळीकडे कातळ. दादूने चार ठिकाणी पहार मारून बघितली आणि चारही ठिकाणी ठिणग्या उडाल्या. शेवटी मागच्या दाराशी, जिथे गंगुबाई जांभ्याच्या दगडावर मासळी साफ करायच्या, तिथे जरा मऊ लागलं. त्याने दगड सरकवला, वीतभर खणलं, तांब्याची पट्टी पुरली आणि दगड परत जागेवर ठेवला. "एकदम फर्स्टक्लास," असं स्वतःच म्हणाला आणि जेवायला बसला.

पावसाळा निघून जाईपर्यंत खरोखरच सगळं फर्स्टक्लास होतं. दिवाळी झाली, कातळ तापला आणि गंगुबाईंचा रेडिओ गुरगुरायला लागला.

गंगुबाईंना रेडिओची हौस होती असं समजू नका. त्यांचा मुलगा महिपत मासेमारीच्या लाँचवर तांडेल, म्हणजे नावेचा प्रमुख होता. त्याने एकसारखे दोन ट्रान्झिस्टर घेतले होते, एक आईला आणि एक लाँचवर. संध्याकाळी मच्छीमारांसाठी समुद्राचं हवामान सांगतात. त्या वेळी महिपत पाण्यावर कुठेही असला तरी तेच ऐकत असणार, हे गंगुबाईंना पक्कं माहीत होतं. आई-मुलाची दिवसातली ती एकच भेट. त्या भेटीत माझी घरघर आली, याचं मला आजही वाईट वाटतं.

"इद्रीसा," त्या दारात येऊन म्हणाल्या, "माझ्या रेडिओत कोन कोकलताय रं?"

इद्रीस कामाला लागला. त्याने ट्रान्झिस्टर हातात घेतला आणि घरभर फिरला. भिंतीजवळ नेला की घरघर वाढे, अंगणात नेला की कमी होई. मग एकेक वस्तू बंद करायला सुरुवात. ट्यूबलाइट बंद केली, घरघर चालूच. पंखा बंद केला, चालूच. शेजारच्यांचा मिक्सर विनंती करून बंद करवला, तरी चालूच. शेवटी त्याने माझा प्लग काढला. रेडिओ असा स्वच्छ झाला की निवेदिकेचा श्वाससुद्धा ऐकू आला. सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच लोकांनी माझ्याकडे बघितलं, आणि तेही चोर सापडल्यासारखं.

पण गंमत अशी की मी काही रोज गुरगुरत नव्हतो. रविवारी गप्प, मंगळवारी गप्प, बुधवारी गप्प, शुक्रवारी गप्प. सोमवारी, गुरुवारी, शनिवारी मात्र भांडायला उठल्यासारखा. संकष्टीला तर विचारूच नका. त्या दिवशी यंत्राच्या पत्र्याला हात लावणाऱ्याला झिणझिण्याही यायच्या.

"मशीनला बी उपास सोसत नाय वाटतं," गंगुबाई म्हणाल्या.

सगळे हसले. मला मात्र रडू यायचं बाकी होतं, कारण त्या अगदी बरोबर बोलत होत्या. मासळीच्या दिवशी मासळी धुतलेलं खारं पाणी दगडावरून खाली मुरायचं, पट्टी ओली व्हायची आणि माझा गाळ सुखाने जमिनीत जायचा. वाराच्या दिवशी घरात डाळभात, दगड कोरडा, पट्टी कोरडी. मी ओरडून सांगितलं असतं, पण मी ओरडलो की रेडिओत घरघर व्हायची आणि लोक मलाच शिव्या घालायचे.

दादूने अर्थिंग तपासलं नाही असं नाही. तीनदा तपासलं. बल्बची एक वायर विजेला आणि एक अर्थिंगला लावायची, बल्ब लख्ख पेटला की अर्थिंग चांगलं, अशी त्याची पद्धत. तिन्ही वेळा बल्ब लख्ख पेटला. पण गंगुबाईंच्या हातचं बांगड्याचं तिखलं खायला मिळावं म्हणून दादू यायचाच मुळी बुधवारी नाहीतर रविवारी, आणि तपासायचा तो जेवून झाल्यावर.

"अर्थिंगला मी बोट लावू देनार नाय," तो दात कोरत म्हणाला. "दोष पेटीत हाय. टाका ती भाट्याच्या खाडीत."

त्याने मला उघडलं, फुंकर घातली, एका वेटोळ्यावर उगाचच डिंक फासला आणि परत बंद केलं. तो डिंक अजून माझ्या पोटात आहे.

मार्गशीर्ष लागला. महिपत नव्या लाँचवर लांबच्या पाण्यात जायला लागला. गंगुबाईंनी ग्रामदैवत भैरीबुवाला साकडं घातलं, की शिमग्याची पालखी नाचेपर्यंत मासळी तोंडाला लावणार नाही, पण पोराला सांभाळ. तांडेलाच्या आईने मासळी सोडली! गल्लीभर कौतुक झालं. दादू यायचा बंद झाला. आणि दगड रोजच कोरडा पडू लागल्यामुळे मी रोजच गुरगुरायला लागलो. मुलासाठी धरलेल्या व्रतानेच त्या माउलीची मुलाशी भेट तुटली आणि हे त्या घरात फक्त मला ठाऊक होतं.

चार दिवस त्यांनी कळ काढली. इद्रीस बिचारा बातमीच्या वेळी मला बंद करायचा. एकदा त्यात क्लासला येणाऱ्या एका मास्तरांनी तासभर टंकलेली घटक चाचणीची प्रश्नपत्रिका पुसली गेली आणि मास्तर तिथेच मांडी घालून बसले. मग बंद करण्यावरून वाद सुरू झाले. शेवटी गंगुबाई म्हणाल्या, "इद्रीसा, तू गुनाचा हायस. पन या महिन्यात दुसरी जागा बग."

इद्रीसचा चेहरा उतरला. दुबईची नोकरी सोडून आणलेलं सगळं त्या एका टेबलावर होतं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने तो देवरूखला गेला. तिथे कुणाकडे तरी जुना सप्लाय मिळेल असं त्याला कळलं होतं. म्हणजे माझी बदली निश्चित झाली.

त्याच संध्याकाळी वारा फिरला. आभाळ शिशाच्या रंगाचं झालं. विद्यार्थी एकटेच टंकत बसले होते आणि मास्तरांच्या धाकाने मला बंद करायची कुणाची छाती नव्हती. गंगुबाई रेडिओला कान लावून बसल्या होत्या. "समुद्रात वादळी परिस्थिती... रत्नागिरी किनाऱ्यावरील नौकांनी..." आणि पुढे नुसता मी. घर्रर्र. घर्रर्र.

"नौकांनी काय? अगो बाय, नौकांनी काय?" त्या रेडिओला हलवत म्हणाल्या. मी लाजेने तापलो, पण मला थांबता येईना.

नेमकी त्याच वेळी साबेरा मागच्या दारी बांगडे साफ करत होती. एरवी ती परसात दुसरीकडे बसायची, पण दगड रिकामा दिसला म्हणून आज तिथे बसली. तिने बांगड्यांवर मीठ चोळलं, धुतले आणि बादलीभर पाणी दगडावर ओतलं. ते खाली झिरपलं. माझ्या पायांना गार लागलं. केवढं बरं वाटलं म्हणून सांगू!

"...जवळच्या बंदरात आश्रय घ्यावा," रेडिओ स्वच्छ आवाजात म्हणाला. "पुन्हा सांगत आहोत, जवळच्या बंदरात आश्रय घ्यावा."

"ऐकलान असेल त्यानं," गंगुबाई पुटपुटल्या. मग ताडकन उठून मागच्या दारी आल्या. "साबेरा, काय केलास तू?"

"काय नाय मावशी, बांगडे धुतले."

गंगुबाईंनी दगडाकडे बघितलं, बांगड्यांकडे बघितलं, आतल्या रेडिओकडे कान दिला. "आनी घाल पानी," त्या म्हणाल्या. "मेल्याला मासळी हवी व्हती तर बोलायचा तरी!"

इद्रीस देवरूखहून हात हलवत परत आला तेव्हा त्याची बायको आणि घरमालकीण आळीपाळीने दगडाला अंघोळ घालत होत्या आणि रेडिओ घंटेसारखा खणखणीत वाजत होता. त्याने कपाळावर हात मारून घेतला. सोमवार असूनही दादूला बोलावणं गेलं. दगड वाळू दिला, बल्ब लावला. तो विझत्या विडीएवढा लाल झाला.

"पन मी तीन वेळा बगितला व्हता!" दादू म्हणाला.

"जेवून!" साबेरा आतून म्हणाली.

मग छिन्नी लावून कातळ खोल फोडला, मीठ आणि कोळसा भरला, पट्टी नीट पुरली. महिपत जयगडच्या बंदराला लागला होता. तो दोन दिवसांनी एसटीने घरी आला आणि आईच्या पाया पडला. इद्रीसला जागा बघावी लागली नाही. आणि मीठ-कोळसा घातला तरी गंगुबाई त्या दगडावर रोज तांब्याभर पाणी घालायच्या ते घालायच्याच.

पुढच्या वर्षी खाऱ्या हवेने माझा पंखा अडकला आणि मी खरंच जळालो. क्लास वाढला होता, इद्रीस बाजारपेठेत मोठ्या जागेत गेला. जाताना त्याने मला मागच्या दारी ठेवलं. मी वजनाला बरा आहे, म्हणून गंगुबाई उन्हात बांगडे वाळत घालतात तेव्हा वरची जाळी उडू नये म्हणून मला तिच्यावर ठेवतात. ज्याच्यावर मासळी मागितल्याचा आळ आला, तोच आज मासळी राखतो. कावळे मला भितात, मांजर नाही.

परवा दादू आला होता. बुधवारच होता, हे सांगायला नको. गंगुबाई दगडावर पाणी ओतत होत्या. "मावशी," तो म्हणाला, "क्लास गेला, वायर बी कापली. आता पानी कशाला घालताव?"

"ठाव हाय मला," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी तांब्या पुरता उपडा केला. "महिपत पान्यावर हाय."

आत रेडिओ लागलेला होता. समुद्र शांत राहील, असं कुणीतरी सांगत होतं.

तेव्हा मंडळी, माझी एकच विनवणी आहे. मला भंगारात घाला, माझा पत्रा विका, माझी हरकत नाही. पण त्या दगडाजवळून गेलात आणि तो कोरडा दिसला, तर तेवढं तांब्याभर पाणी घाला.