कपाळावरून आलेलं नाक

आमच्या ह्यांनी उभ्या जन्मात नाकावर माशी बसू दिली नाही. परवा मात्र खरीच एक माशी येऊन नाकावर बसली, आणि हे आपले कपाळ पुसताहेत! मी हसून हसून बेजार झाले. ह्यांना मात्र घाम फुटला.

नाकाच्या शेंड्यावर वाईट गाठ आली होती, ती कातडीसकट काढावी लागली. मग डॉक्टरीणबाईंनी कपाळाच्या कातडीची एक पट्टी सोडवली. तिचं एक टोक भुवईपाशी तसंच ठेवलं, दुसरं पीळ देऊन खाली आणलं आणि नाकावर शिवलं. तीन आठवड्यांनी, दोन डोळ्यांच्या मधून गेलेली ही पट्टी कापायची होती.

दिवस आला, तर हे अडून बसले. चाळीस वर्षं इमारतींचं वायरिंग केलेला माणूस!

"अगं, नाकाला हात लावला की कपाळाला कळतं. म्हणजे सप्लाय अजून वरूनच आहे. लाईन कापली की दिवा गेला! नाक काळं पडेल."

"अहो, डॉक्टर त्या आहेत की तुम्ही?"

"लाईनमधलं मला शिकवू नकोस."

ह्यांचा हेका मला नवा नाही. पण या वेळी बोलताना नाकावर हात आडवा धरला होता. खोटं कशाला बोलू, भीती मलाही वाटत होती.

डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत. "स्पर्शाचं तुम्ही म्हणता ते बरोबर आहे काका, तो अजून जुन्याच वाटेनं जातो. पण रक्ताचं वेगळं. कातडीच्या अगदी वरच्या थरात रक्ताचा थेंबही नसतो, तो खालच्या थराच्या जिवावर जगतो. आणि हा खालचा थर शिवल्यापासून गालाकडच्या बारीक रक्तवाहिन्यांशी जोडला जातोय. आपण तपासूनच बघू."

त्यांनी पट्टीभोवती रबराची नळी घट्ट आवळली आणि ह्यांच्या हातात आरसा दिला. "आता वरून काही येत नाही. नाक दाबा आणि सोडा."

ह्यांनी दाबलं. बोट उचललं तर खाली पांढुरका ठसा. मग गालाकडच्या कडेनं तांबूसपणा सरकत आला आणि ठसा भरून गेला. ह्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा भरला. दहा मिनिटं नळी तशीच, आणि नाक जिवंत.

मला रडूच आलं. आम्ही जेवत होतो, भांडत होतो, झोपत होतो, आणि तेवढ्यात ही बोटभर कातडी न सांगता, न विचारता आपली सोय लावत होती. छत्तीस वर्षं या माणसाशेजारी काढली, पण त्याच्या कातडीचा मी कधी विचारसुद्धा केला नव्हता.

ह्यांनी आरसा खाली ठेवला.

"ही नवी लाईन टाकली कुणी?"

"तुम्हीच की," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

कुठलंही काम दाखवा, त्याला नावं ठेवणारा हा माणूस! आरसा पुन्हा उचलून ह्यांनी नाक दोन्ही बाजूंनी न्याहाळलं. मग त्यांनी डोळे मिटले.

"कापा," ते म्हणाले.