बिनसंवादाची शेजारीण

दगडखाणीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर उभ्या राहून वहिनींनी हात वर केला. खाली मधल्या सपाट जागेत उभ्या असलेल्या दिग्दर्शिकेने तो पाहिला, मुद्दाम पाठ फिरवली आणि ती हलक्या आवाजात काहीतरी पुटपुटली.

“वहिनी, तुमचा मफलर फार छान दिसतोय.”

शब्द न् शब्द वर आला. जणू ती कानाला लागून बोलत होती.

वहिनींनी हसून मान डोलावली खरी, पण लगेच त्यांच्या मनात आलं: इथे साधी कुजबुज शेवटच्या पायरीपर्यंत पोचत होती. मग कुणाला न कळता एखादा शब्द पुरवायचा कसा?

कारण शब्द पुरवणं हेच तर त्यांचं काम होतं. नाट्यमंडळ सुरू झालं तेव्हापासून वहिनी प्रॉम्प्टर होत्या. सारं आयुष्य छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेलेलं. दिवसा लोकांच्या कागदावरच्या चुका पकडायच्या आणि संध्याकाळी विंगेत उभं राहून तोंडातल्या. रंगमंचावर त्यांनी कधी पाऊल ठेवलं नाही. ठेवलं असेल तर प्रयोग संपल्यावर, राहिलेला चष्मा नाहीतर काठी उचलायला.

रंगमंचावर असायचे ते त्यांचे यजमान. रेल्वे स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करण्यात त्यांची नोकरी झाली होती, म्हणून मंडळात सगळे त्यांना फलाटराव म्हणत. आवाज असा, की त्यांनी सांगितल्याशिवाय समोर उभी असलेली गाडीसुद्धा आल्यासारखी वाटायची नाही. निवृत्तीनंतर आवाज तसाच राहिला. पाठांतराला मात्र हळूहळू कसर लागली.

थंडी पडली की त्या भागात उघड्यावरच्या कार्यक्रमांना बहर यायचा. दर रविवारी नवी जागा. कुठे तळ्याकाठी गाणं, कुठे बागेत चित्रं काढणाऱ्यांची रांग, कुठे मैदानात उन्हं अंगावर घेत नाटक. मागच्या हिवाळ्यात बागेतल्या प्रयोगात फलाटराव मधेच थांबले होते. वहिनींनी झाडामागून शब्द दिला, पण वारा उलटा होता. शब्द फलाटरावांना ऐकू गेला नाही, पहिल्या रांगेला गेला. पहिली रांग हसली.

त्यानंतर कितीतरी दिवस ते जेवताना गप्प असायचे. मग एकदा जेवून उठता उठता म्हणाले, “यंदा एकच नाटक करायचं. पण धड करायचं.”

आणि नेमकी यंदा मंडळाच्या वाट्याला ही बंद पडलेली खाण आली होती. दगड काढून काढून तिथे आपोआप पायऱ्या पडल्या होत्या. बसायला उत्तम, ऐकायला त्याहून उत्तम.

“कानात घालायचं एक यंत्र मिळतं,” दिग्दर्शिका म्हणाली. ती दिवसा दातांची डॉक्टर होती. सकाळभर लोकांना ‘आ करा’ म्हणायचं आणि संध्याकाळी ‘तोंड उघडून बोला’ म्हणायचं, असा तिचा दिनक्रम होता. “वहिनी लांबून बोलतील, फक्त तुम्हाला ऐकू येईल.”

“नको,” फलाटराव म्हणाले. “कानात माशी घेऊन मी अभिनय करणार नाही.”

दिग्दर्शिकेने थोडा वेळ विचार केला.

“मग वहिनी स्टेजवरच बसतील.”

“मी?” वहिनी दचकल्या. “अगं बाई, माझं काय काम तिथे?”

“शेजारीण. घराबाहेर बसून मटार सोलायचे. यांच्याकडे बघायला तुम्हाला कुणाची परवानगी नको. शेजाऱ्यांच्या घरात काय चाललंय ते बघायलाच शेजारीण असते.”

“संवाद?”

“एकही नाही.”

“मग चालेल,” वहिनी म्हणाल्या.

ठरलं ते असं: फलाटराव अडले की वहिनींकडे बघणार, आणि वहिनी आवाज न करता फक्त ओठांनी पुढचा शब्द सांगणार. घरी जेवणाच्या टेबलाशी तालीम सुरू झाली. खऱ्या शेंगा घेऊनच, नाहीतर हातांना सवय कशी होणार? त्या आठवड्यात घरात मटाराशिवाय दुसरं काही शिजलं नाही.

“ओठ जरा मोठे कर,” फलाटराव म्हणायचे. “पूर म्हणतेस की फूल?”

“नदीला फूल येतं का कधी?”

“मग नीट सांग ना. मी आपला नदीला फूल आणून मोकळा होईन.”

दोघं हसायची. पण एका जागी हसू यायचं नाही.

नाटक एका म्हाताऱ्या नावाड्याचं होतं. नदीवर पूल झाल्यावर नावेत कुणी बसेनासं होतं आणि मुलगा बापाला शहरात न्यायला येतो. शेवटी वैतागून तो विचारतो, “बाबा, इथे आता आहे कोण तुमचं?” त्यावर नावाड्याचं लांबलचक भाषण होतं. ‘ही नदी आहे’ इथून ते सुरू व्हायचं, आणि सगळं नाटक त्या भाषणावर तोललेलं होतं. फलाटराव नेमके तिथेच अडखळायचे. भाषण पाठ नव्हतं असं नाही. सुरुवात सापडली की पुढचं सगळं धडाधड यायचं. पण मुलाने प्रश्न विचारला की त्यांच्या चेहऱ्यावरून कुणीतरी ओला बोळा फिरवल्यासारखं व्हायचं.

“ही,” वहिनी ओठांनी सांगायच्या.

“हां, ही,” म्हणत ते पुढे जायचे. आणि भाषण संपल्यावर कितीतरी वेळ टेबलावरची टरफलं उगाच गोळा करत बसायचे.

प्रयोगाच्या दिवशी लख्ख ऊन पडलं होतं, तरी दगड गार होते. लोक सतरंज्या, उशा, चहाचे थर्मास घेऊन पायऱ्यापायऱ्यांवर बसले होते. कोवळ्या उन्हात कुणी टोप्या काढत होतं, सावली सरकली की पुन्हा घालत होतं. नाटकाआधी मुलींचं एक पथक व्हायोलिन वाजवत होतं. शेवटची सुरावट संपली तरी खाणीच्या भिंतींनी ती थोडा वेळ धरून ठेवली.

पडद्यामागे, म्हणजे दोन बांबूंना बांधलेल्या चादरीमागे, दिग्दर्शिकेने वहिनींच्या गालांना रंग लावला. वहिनींनी आरसा मागितला, बघितलं, आणि पटकन परत केला.

“घाबरलीस का?” फलाटरावांनी विचारलं.

“मी कशाला घाबरू? मला कुठे बोलायचंय?”



 

नाटक सुरू झालं आणि पहिल्या काही वाक्यांतच खाण फलाटरावांची झाली. त्यांना आवाज चढवावा लागत नव्हता. ते नुसते बोलत होते आणि वरच्या पायरीवरची माणसं पुढे झुकून ऐकत होती. मुलाचं काम करणारा एरवी विजेची कामं करायचा. तोही आज तारा जोडल्यासारखा नेमका बोलत होता. वहिनी बाजूला पाटावर बसून मांडीवरच्या सुपात शेंगा सोलत होत्या. त्यांचे ओठ सवयीने प्रत्येक वाक्याच्या एक शब्द पुढे चालले होते. एक दाणा हातातून निसटून दगडावर टपकन पडला आणि घरंगळत गेला, तर तोही सगळ्यांना ऐकू आला. पहिल्या पायरीवरच्या एका आजोबांनी तो उचलून तोंडात टाकला. आसपासचे हसले, पण चांगलं हसले.

आणि मग ती जागा आली.

“बाबा,” इलेक्ट्रिशियन म्हणाला, “इथे आता आहे कोण तुमचं?”

फलाटराव थांबले.

वहिनींनी मान वर केली. ‘ही,’ त्यांचे ओठ म्हणाले. फलाटराव त्यांच्याकडेच बघत होते, पण नजर ओठांवर नव्हती. ती त्यांच्या चेहऱ्यावर होती, रंग लावलेल्या गालांवर, मांडीवरच्या सुपावर. ‘ही नदी,’ वहिनींनी पुन्हा ओठ हलवले, या वेळी मोठे करून. काही नाही. कुठेतरी थर्मासचं झाकण फिरवत असलेला हात मधेच थांबला. वहिनींच्या घशाशी शब्द आला होता. आवाज काढला असता तर अर्ध्या क्षणात सुटका झाली असती. आणि शेवटच्या पायरीपर्यंत सगळ्यांना कळलं असतं.

त्यांनी तो गिळला.

फलाटराव दोन पावलं त्यांच्याकडे चालत आले. असं काही बसवलेलं नव्हतं.

“शेजारीणबाई,” ते म्हणाले. असं काही लिहिलेलंही नव्हतं. “तुम्हीच सांगा याला. इथे आहे कोण माझं?”

वहिनींच्या हातात अर्धी उघडलेली शेंग होती. दुसऱ्याच्या मजकुरात त्यांनी आयुष्यात पदरचा स्वल्पविरामसुद्धा घातला नव्हता. लेखकाने शेजारणीला एकही शब्द दिला नव्हता. दिग्दर्शिकेनेही नाही. पलीकडे चादरीच्या फटीतून तिचे विस्फारलेले डोळे दिसत होते. एवढी माणसं वाट बघत होती, आणि समोर उभा असलेला माणूसही.

“मी आहे की,” वहिनी म्हणाल्या.

घरी आतल्या खोलीतून कुणी ‘आहे का कोणी?’ म्हणून विचारावं आणि चुलीपाशी बसल्याबसल्या उत्तर द्यावं, तशा त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता. पण खाणीने तो अलगद उचलला आणि पायरी पायरी करत वर नेला.

कुणी हसलं नाही. वर कुठेतरी एका बाईने शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे बघितलं. इलेक्ट्रिशियनने उघडलेलं तोंड मिटायचं राहूनच गेलं, आणि ते त्या प्रसंगाला शोभूनही दिसलं.

फलाटरावांनी मान हलवली, गाडी वेळेवर असल्याचा निरोप मिळाला की हलवायचे तशी. मग ते मुलाकडे वळले.

“ऐकलंस?” ते म्हणाले. “आणि ही नदी आहे…”

भाषण सुरू झालं. एकही शब्द इकडचा तिकडे न होता, पुराच्या पाण्यासारखं. वहिनी ऐकत राहिल्या. बऱ्याच वेळाने त्यांच्या लक्षात आलं, की आपले ओठ हलत नाहीत. प्रॉम्प्टर नेहमी एक शब्द पुढे असतो. बोलणारा त्या शब्दापाशी येतो तेव्हा प्रॉम्प्टर तिथून निघून गेलेला असतो. या माणसाची भाषणं त्यांनी एवढी वर्षं अशी पुढे पळत पळतच पार केली होती. आज त्या मागे बसल्या होत्या, लोकांबरोबर. नदीचं काय होणार हे पुस्तकातून ठाऊक असूनही त्यांना ते फलाटरावांच्या तोंडून कळत होतं. भाषण संपलं तेव्हा सुपात सोललेले दाणे आणि टरफलं सगळं एक झालं होतं.

टाळ्या संपेनात. दिग्दर्शिका धावतच आली.

“हे कधी बसवलंत? मला न सांगता? घरी चोरून तालीम केलीत ना!”

“हिला विचार,” फलाटराव टोपी शोधत म्हणाले.

“मला काय विचारायचं? मी मटार सोलत होते,” वहिनी म्हणाल्या.

“काका, माझा तर फ्यूजच उडाला होता,” इलेक्ट्रिशियन म्हणाला.

“ते काही नाही. पुढच्या रविवारी तळ्याकाठी प्रयोग आहे, तिथेही हे ठेवायचं,” दिग्दर्शिकेने बजावलं. “वहिनी, तुम्हाला आता संवाद आहे बरं का.”

परतीच्या बसमध्ये दोघांना खिडकीपाशी जागा मिळाली. दिवस कलला होता. शेतांवर धुकं उतरू लागलं होतं. वहिनींनी गालाचा रंग रुमालाने पुसला, पण कानाजवळ थोडा राहिलाच. मांडीवरच्या पिशवीत दाणे आणि टरफलं एकत्र होती. त्या त्यातून एकेक दाणा वेचू लागल्या.

विचारायचं की नाही, हे त्यांचं ठरत नव्हतं. एरवी विचारावं लागलं नसतं. फलाटरावांना शब्द आठवेनासा झाला की त्यांचा अंगठा बोटावर घासू लागायचा. वहिनींना ते विंगेतूनही दिसायचं. आज ते इतक्या जवळ उभे होते, आणि वहिनींनी त्यांच्या हाताकडे बघितलंच नव्हतं.

“अहो.”

“हं.”

“तिथे तुम्ही… विसरला होतात का?”

“तुझा आवाज अगदी वरपर्यंत गेला,” फलाटराव म्हणाले. “वरच्या पायरीवरचा एक जण मुद्दाम सांगून गेला मला.”

“मी काय विचारतेय?”

“मी काय सांगतोय?”

बस एका वळणावर कलली. फलाटरावांनी पिशवी सावरून धरली, तिच्यात हात घालून दोन-चार दाणे उचलले आणि एकेक करून खाल्ले. वहिनींनी आणखी दाणे वेचून त्यांच्या हातावर ठेवले.

“पुढच्या रविवारी,” फलाटराव म्हणाले, “दुसरं काहीतरी म्हणून बघ.”

“दुसरं म्हणजे?”

“तुला सुचेल ते. रोज तेच काय म्हणायचं?”

“आणि तुमच्या पुढच्या वाक्याशी ते जुळलं नाही तर?”

“तू बोल गं,” ते म्हणाले, आणि मफलर कानांवर ओढून त्यांनी डोळे मिटले. “मी घेईन सांभाळून.”

वहिनी खिडकीबाहेर बघू लागल्या. एक वाक्य त्यांना लगेच सुचलं. मनातल्या मनात त्यांनी ते म्हणून बघितलं, चांगलं होतं. त्यांनी नवऱ्याला हलवून उठवायला हात पुढे केला, आणि मग तो तसाच त्याच्या बाहीवर ठेवला. आत्ताच कशाला सांगायचं?